कीलुंगचा मियाओखौ बाजार: मासे खाणाऱ्यांनी तैवानमध्ये आधी इथे जावं

तैवानला गेलेला माणूस बहुधा तायपेईच्या शीलिन बाजारात खाऊन परततो. रत्नागिरी-मालवणकडच्या माणसाने मात्र सरळ कीलुंग गाठावं. उत्तरेचं मोठं बंदर, पाऊस जवळजवळ वर्षभर, आणि ताटात ताजी मासळी. तायपेई मुख्य स्थानकातून लोकलने पाऊण तास लागतो, इझीकार्ड (तिथलं पैसे भरून वापरायचं प्रवासकार्ड) चालतं. गाडीच्या पाटीवर कीलुंगच लिहिलंय ना, ते बघून चढा. यीलानकडे जाणाऱ्या गाड्या त्याच रुळांवरून येतात आणि बादू स्थानकाला फाटा फुटतो. चुकीच्या लोकलमध्ये बसलात तर बादूला उतरून गाडी बदलायची.

स्थानकापासून बाजार चालत दहा-पंधरा मिनिटांवर. दियानजी देवळाजवळ पिवळ्या कंदिलांची रांग दिसली की तोच. खाण्याच्या गाड्यांना क्रमांक आहेत, पाट्यांवर इंग्रजी नावंही आहेत. बरेच गाडे दुपारीही चालू असतात, म्हणून शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळून आडवारी दुपारी जा, बसायला जागा मिळते. पैसे रोख न्या, शंभराच्या नोटा बऱ्या.

पहिला मान डिंग-ब्येन-त्सुओचा, म्हणजे तांदळाच्या पोळीचे तुकडे घातलेल्या सूपचा. मोठ्या कढईच्या तळाशी पाणी उकळत असतं, आणि वरच्या तापलेल्या कडेवर तांदळाचं पातळ पीठ गोल ओततात. झाकण ठेवलं की ते अर्धं वाफेवर, अर्धं कढईच्या तापावर शिजतं. मग सोडवून त्याचे तुकडे करतात आणि सूपमध्ये घालतात. तुकडा आपल्या घावनासारखा मऊ, पण कडेला किंचित चिवट. सूपमध्ये कोळंबीचे आणि डुकराच्या मांसाचे गोळे, बांबूचे कोंब, मशरूम, वर तळलेला छोटा कांदा. डुक्कर चालत नसेल तर ही वाटी सोडाच. गोळे बाजूला काढून उपयोग नाही, रस्साही मांसाचाच असतो.

कालवांचं ऑम्लेट तैवानभर मिळतं, पण बनताना नीट बघा, चांगला गाडा तिथेच ओळखू येतो. तव्यावर आधी कालवं पडतात, त्यांवर रताळ्याच्या स्टार्चचं पातळ पाणी, मग अंडं आणि पालेभाजी. स्टार्च पारदर्शक झाला आणि कडा कुरकुरीत झाल्या की उलटायचं. कालवं आक्रसून रबरासारखी झाली असतील तर ती तव्यावर जास्त वेळ राहिलीत. गर्दीच्या वेळी काही जण आधीच करून ठेवतात, ते पाच मिनिटांत खळीसारखं चिकट होतं. तुमच्यासमोर तव्यावर पडलेलंच घ्या आणि उभ्या उभ्या संपवा. वरचा लालसर सॉस गोड असतो, आपल्या तिखटाच्या जिभेला तो जड जातो, म्हणून बाजूला मागून घ्यावा. तव्यावर डुकराची चरबी वापरतात का, तेही विचारून घ्या.

माशाच्या लगद्याचे तळलेले तुकडे इथे तेंपुरा म्हणून विकतात. सोबत काकडी आणि गोडसर सॉस. मासा ताजा असला तरी आपल्याला सपक लागतात, एक प्लेट चौघांत पुरे.

पाओ-पाओ बर्फ मात्र चुकवू नका. किसलेला बर्फ आणि पाक हाताने घोटत राहतात, त्यामुळे कण मोडून तो लोण्यासारखा होतो. शेंगदाण्याचा घ्या, नाहीतर अळकुडीचा. शाकाहारी माणसाला या बाजारात हाच खरा आधार. जेवणासाठी स्वस्तिक काढलेली पाटी शोधा, शाकाहारी खानावळी ते चिन्ह लावतात आणि सहसा कांदा-लसूणही घालत नाहीत.

जवळच काँझायदिंगचा घाऊक मासळी बाजार आहे. हर्णैचा लिलाव संध्याकाळी बघतात, इथला मध्यरात्रीनंतर रंगतो आणि पहाटेपर्यंत चालतो. माकुलं, बळे, कुर्ल्या टोपल्यांतून रस्त्यावर मांडतात आणि लिलाववाला एका दमात भाव म्हणत जातो. तो बघायचा तर मुक्काम कीलुंगलाच ठेवा, तायपेईची शेवटची लोकल तोवर निघून गेलेली असते. जमीन ओली आणि निसरडी, चपला नकोत, पकड घेणारे बूट हवेत. हातगाड्यांच्या वाटेत उभं राहू नये, लिलाववाल्याच्या तोंडावर फ्लॅश मारू नये. झोप काढून सकाळी स्थानकाजवळून 788 क्रमांकाच्या बसने ज्यौफेन या डोंगरावरच्या गावाला जाता येतं. तिथली जुनी गल्ली अरुंद आहे आणि दुपारी फुलून जाते, म्हणून लवकर निघा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा.