नाव १०५० टीआयचं, आत २०११ची चिप

मे २०२३मध्ये माझ्या धाकट्या भावाने दोन वर्षं साठवलेले सहा हजार दोनशे रुपये मी माझ्या फोनवरून, एका जुन्या ग्राफिक्स कार्डापायी (कॉम्प्युटरमधला गेमची चित्रं रंगवणारा भाग), एका फसव्या माणसाच्या खात्यात टाकले. त्यात दोन दिवाळ्यांना मिळालेले पैसे होते, आजीने दहावीच्या निकालाला दिलेले पाचशे होते, आणि शेजारच्या मुलाला गणित शिकवून मिळालेले पैसे होते. आता त्याच्या वर्गातला एक मित्र तसंच कार्ड घ्यायला निघालाय, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

आमचा कॉम्प्युटर जुना. बाबांच्या ऑफिसने मोडीत काढलेला, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. आय-५ ४५७० प्रोसेसर, आठ जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, आणि ग्राफिक्स कार्ड नाहीच. व्हॅलोरंट हा गेम सगळं लो करून चालायचा. जीटीए फाइव्ह मात्र अडखळत अडखळत. भावाने महिनाभर वहीत आकडेमोड केली होती. कुठलं कार्ड किती वॅट खातं, आपला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, किती झेपवेल, कॅबिनेटमध्ये लांबी किती बसेल. त्यातून त्याने एनव्हिडिया कंपनीच्या चिपचं जीटीएक्स १०५० टीआय निवडलं, चार जीबीचं. कारण ते ७५ वॅटमध्ये चालतं, आणि तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते, वेगळी वायर लागत नाही. ही निवड अगदी बरोबर होती. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर घरी येऊन गेलेल्या प्रत्येकाने त्यालाच ऐकवलं की नीट अभ्यास करायला हवा होता. अभ्यास त्याचा चोख होता. फसवणूक झाली ती दुकानात.

नवीन कार्ड आमच्या आवाक्याबाहेर होतं. आणि जुन्या कार्डांचे भाव तेव्हा बरेच उतरले होते. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डावर ते काढणं, म्हणजे मायनिंग, बंद झालं, आणि मायनिंगवाल्यांनी आपली कार्डं विकायला काढली. एवढा माल बाजारात आला की त्यात खोटा माल खपवणंही सोपं झालं, हे मला नंतर कळलं.

रविवार सोडून आम्ही शनिवारी गेलो. बदलापूरहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड, आणि मग चालत लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण बोलताना सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. त्या रस्त्यावर चांगली दुकानंही खूप आहेत, तेही पुढे सांगते. आम्ही ज्याच्याकडे गेलो तो पोटमाळ्यावर बसायचा. अरुंद लोखंडी जिना, वर एक टेबल, टेबलावर उघडा कॉम्प्युटर आणि मागे फळीवर प्लास्टिकच्या पिशव्यांत कार्डं. माणूस बोलायला फार गोड. बदलापूर म्हटल्यावर, "अरे, आमची मावशी तिथेच, स्टेशनजवळ," असं म्हणाला. ताई, ताई करत चहा मागवला.

खोका नव्हता. चंदेरी पिशवीतून कार्ड काढलं, टेबलावरच्या मशीनला लावलं, विंडोज सुरू केलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ठळक नाव दिसत होतं, जीटीएक्स १०५० टीआय. दुसऱ्या खिडकीत मेमरी ४०९६ एमबी. "बघा, डोळ्यांनी बघा," तो म्हणाला. एवढं झालं आणि मशीन बंद. सगळं मिळून दोन मिनिटं.

भावाने त्या दोन मिनिटांतही एक प्रश्न विचारला होता. "काका, याला सहा पिनचं सॉकेट कशाला? १०५० टीआयला तर लागत नाही."

"ओसी मॉडेल आहे बाळा. जास्त पॉवर घेतं, जास्त फ्रेम देतं."

काही कंपन्यांच्या १०५० टीआयला खरंच जादा विजेचं ते सॉकेट असतं, त्यामुळे उत्तर पटण्यासारखं होतं. दुसरी खूण तर आम्हाला आनंदच देऊन गेली. कार्डाच्या मागे निळं व्हीजीए पोर्ट होतं. आमचा मॉनिटर जुना, व्हीजीए वायरचा, म्हणजे कन्व्हर्टरचा खर्च वाचला असं मीच भावाला म्हटलं. खरं म्हणजे तिथेच उठायला हवं होतं. एनव्हिडियाने या पिढीपासून, म्हणजे २०१६पासून, चिपमधला अ‍ॅनालॉग सिग्नलच, जो व्हीजीएला लागतो, काढून टाकला. नावाजलेल्या कंपनीच्या १०५० टीआयवर डीव्हीआय, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट दिसेल. निळं पोर्ट दिसलं तर संशय घ्यायचाच.

पैसे देताना तो म्हणाला, दुकानाचा क्यूआर चालत नाही, या नंबरवर टाका. नंबर कुणा वेगळ्याच नावाचा होता. बिलाऐवजी वहीच्या चिठ्ठीवर "१०५० टीआय ४ जीबी, ६२००, टेस्टिंग ७ दिवस" एवढं लिहून दिलं. ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, ना कार्डाचा सिरीयल नंबर. पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के वर पडतील, असं म्हणाला. हजार-अकराशे रुपये वाचतात म्हणून मी गप्प बसले. सोबत सहा पिनला जोडायची एक वायर आणि ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा, पेनड्राइव्ह दिला, आणि बजावलं, "नेटवरून कंपनीचा ड्रायव्हर टाकू नका हां, सेटिंग बिघडतं. हाच टाका."

घरी आल्यावर डेस्कटॉप छान दिसला, व्हिडिओ चालले. जीटीए सुरू केला, टेक्स्चर, म्हणजे चित्रांची बारकाई, हायवर ठेवलं. गेममधल्या मेमरीच्या पट्टीत चार जीबी दिसत होते, आणि त्यातले निम्मेही आम्ही वापरत नव्हतो. दोन मिनिटांत स्क्रीन काळी. पुन्हा सुरू, पुन्हा काळी. भावाला वाटलं आपण बसवताना काहीतरी चुकलो. तीन रात्री त्याने कार्ड काढलं, रबरने सोनेरी पट्टी पुसली, परत लावलं, विंडोज नव्याने टाकलं. एकदा कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकून बघितला तर निळी स्क्रीनच आली.

मी दुकानदाराला फोन केला. तो अजिबात चिडला नाही. "एसएमपीएस वीक आहे ताई तुमचा. चांगला घ्या, मग बघा." मी अठ्ठावीसशे रुपयांचा नवा एसएमपीएस आणला. तरी तेच. मग म्हणाला, रॅम बदलून बघा. मग म्हणाला, दोन दिवस थांबा, मी गावाला आहे. असं करता करता सातवा दिवस उलटला. या सात दिवसांचा अर्थ मला आता समजतो. दोष तुमच्याच कॉम्प्युटरवर ढकलत राहायचं, तुम्हाला नवीन सामान आणायला लावायचं, आणि तोवर चिठ्ठीवरची मुदत संपू द्यायची.

आठव्या रात्री भावाने जीपीयू-झेड नावाचा छोटा, फुकट मिळणारा प्रोग्राम उतरवून चालवला. कार्डाच्या नावाच्या आधी चौकटी कंसात एक शब्द लिहून आला, 'फेक'. खाली चिपचं नाव जीएफ ११६, ती ४० नॅनोमीटर तंत्राने बनवलेली (हा आकडा लहान तितकी चिप नवी), शेडर, म्हणजे चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग, १९२. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ असतात आणि चिप १४ नॅनोमीटरची असते. म्हणजे ते जीटीएक्स ५५० टीआय होतं, मार्च २०११मध्ये बाजारात आलेलं, एक जीबी मेमरीचं, आणि ११६ वॅट खाणारं. म्हणून सहा पिनचं सॉकेट. म्हणून एक जीबी भरली की स्क्रीन काळी.

हे करतात कसं ते सांगते, कारण ते कळलं की भूल पडत नाही. प्रत्येक कार्डावर बायॉसची एक छोटी चिप असते. त्यात कार्डाचं नाव, ओळख क्रमांक, मेमरी किती, हे लिहिलेलं असतं. विंडोज तेच वाचून दाखवतं, स्वतः तपासत नाही. ती चिप पुन्हा लिहिता येते. मी मेडिकलच्या दुकानात काम करते. बाटलीवरचं लेबल कुणीही छापू शकतं, म्हणून आम्ही बॅच नंबर आणि पुरवठादाराचं बिल जुळवूनच माल आत घेतो. इथे मी फक्त लेबल वाचलं.

खात्री करायची म्हणून आम्ही पंखा खोलला. चार स्प्रिंगवाले स्क्रू. खाली वाळून दगड झालेली करडी पेस्ट. ती कापसाने आणि सॅनिटायझरने पुसत पुसत भावाने टॉर्च धरला तेव्हा चिपच्या पृष्ठभागावरची अक्षरं उमटली, जीएफ ११६-४००, आणि बाजूला आठवड्याचा शिक्का ११२३. २०११चा तेविसावा आठवडा. भाऊ तेव्हा बालवाडीत होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, म्हणजे मी नीटच लावलं होतं ना?"

मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून पुन्हा त्या जिन्यावर गेले. तो म्हणाला, दिलं ते कार्ड बरोबर होतं, हे तुम्ही बदलून आणलंय. चिठ्ठीवर सिरीयल नंबर नसल्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न दुकानाचं नाव आणि बिल हाच होता. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. हे सगळं तुमच्या बाजूने आहे, फक्त समोरचा कोण ते कागदावर असायला हवं. अठरा टक्के वाचवताना मी नेमकं तेच सोडून दिलं होतं. महिन्याभराने गेले तर वर दुसराच कुणीतरी मोबाइलची कव्हरं विकत बसला होता. पैसे परत मिळाले नाहीत.

तर कार्ड घ्यायला जाताना जीपीयू-झेड पेनड्राइव्हवर टाकून न्या, आणि दुकानदाराच्या मशीनवर तुमच्या पेनड्राइव्हमधूनच चालवा. २०१८पासून त्यात अशी जुनी एनव्हिडिया कार्डं ओळखायची सोय आहे. पण 'फेक' आलं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, शेडरचा आकडा घरून लिहून नेलेल्या आकड्याशी जुळवा. एएमडी कंपनीच्या आरएक्स ५८० कार्डात आकड्यांचा हा फरक फार सापडतो. खऱ्यात २३०४ हवेत. २०४८ दिसले तर ते चीनसाठी काढलेलं वेगळं मॉडेल आहे, ताकदीने आरएक्स ५७०च्याच जवळचं. ते चालतं, पण त्याचा भाव वेगळा. मग एखादा गेम किंवा बेंचमार्क (कार्डाची ताकद मोजणारा प्रोग्राम) निदान दहा मिनिटं पूर्ण लोडवर चालवायला सांगा, आणि मेमरी खरंच भरतेय का ते बघा. आमचं कार्ड दहा मिनिटं टिकलंच नसतं. मायनिंगमध्ये वापरलेलं कार्ड खोटं नसतं, पण त्याचे पंखे झिजलेले असू शकतात, ते बोटाने फिरवून, कान लावून बघा. "नेटवरचा ड्रायव्हर टाकू नका" असं कुणी म्हणालं की तिथून निघा. पैसे दुकानाच्या नावावरच टाका. आणि समोर न भेटता ऑनलाइन आगाऊ पैसे मागून कुणी गायब झालं, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

भावाची हौस तशीच राहिली असती तर मला झोप लागली नसती. दिवाळीच्या बोनसमध्ये मी भर घातली आणि आम्ही नवीन जीटीएक्स १६५० घ्यायला त्याच रस्त्यावरच्या एका जुन्या, मोठ्या दुकानात गेलो. तेही ७५ वॅटचं, आणि त्याला निळं पोर्ट नाही, म्हणून अडीचशेचा कन्व्हर्टरही घेतला. भावाने भीत भीत विचारलं, इथेच लावून बघता येईल का. काउंटरवरच्या काकांनी काही न बोलता सील आमच्यासमोर फोडलं, मशीनला लावलं आणि म्हणाले, "तुझा पेनड्राइव्ह असेल तर तो लाव." ८९६ शेडर. पंधरा मिनिटं बेंचमार्क चालला. मग भाऊ कार्डामागचा सिरीयल नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचत गेला, मी बिलावर बोट ठेवून जुळवत गेले, आणि शेवटचा आकडा जुळल्यावरच मी फोन काढला.