पीएमपीची ई-बस : दोन महापालिकांच्या सामाईक सेवेचे परीक्षण

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील पीएमपीच्या ई-बसबद्दल लिहिताना बहुतेक जण तिच्या वातानुकूलनापासून सुरुवात करतात. मला मात्र तिच्या मालकीपासून सुरुवात करणे अधिक योग्य वाटते. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन स्वतंत्र परिवहन सेवांचे 2007 मध्ये विलीनीकरण झाले आणि पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजेच पीएमपी, अस्तित्वात आले. या कंपनीत पुणे महापालिकेचा वाटा 60 टक्के, तर पिंपरी-चिंचवडचा 40 टक्के आहे. तिकिटाच्या उत्पन्नातून जो खर्च भागत नाही, ती संचलन तूटही दोन्ही महापालिका याच प्रमाणात भरून देतात. स्वारगेटहून निगडीकडे निघालेली बस बोपोडी आणि दापोडीच्या मध्ये हॅरिस पुलावरून मुळा ओलांडते, तेव्हा एका महापालिकेची हद्द संपून दुसरीची सुरू होते, पण प्रवाशाला त्याची जाणीवही होत नाही. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, कारण कामासाठी एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणाऱ्या माणसाने स्वतःची गाडी घरी ठेवावी असे वाटत असेल, तर त्याच्या प्रवासात हद्दीचा अडथळा येऊन चालत नाही.

फेब्रुवारी 2019 मध्ये नऊ मीटर लांबीच्या ई-बसपासून सुरुवात झाली. भेकराईनगर आणि निगडी येथील आगारांत चार्जिंगची सोय करण्यात आली आणि पुढे बारा मीटरच्या गाड्याही आल्या. प्रवासी म्हणून सांगायचे तर या गाड्या खरोखर सुखाच्या आहेत. इंजिनाची थरथर नाही, पायाखालून येणारी उष्णता नाही, आणि सिग्नलला गाडी थांबली की शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते. वातानुकूलनासाठी वेगळे भाडे घेतले जात नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण वाढत चाललेल्या उन्हाळ्यात गारवा ज्याला परवडतो त्यालाच मिळावा, हे सार्वजनिक सेवेला शोभणारे नाही. थांब्यावर दप्तर पाठीला लावून उभ्या असलेल्या मुलांच्या तोंडावर डिझेलचा काळा धूर न सोडता बस निघून जाते, याचे मोल तिकिटाच्या रकमेत मोजता येणार नाही.

बहुतेक ई-बस महामंडळाच्या मालकीच्या नाहीत. गाडी आणि चालक ठेकेदाराचे, वाहक महामंडळाचा, आणि ठेकेदाराला पैसे प्रवाशांच्या संख्येवर नव्हे तर धावलेल्या किलोमीटरवर मिळतात, अशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे बसखरेदीसाठी लागणारी मोठी रक्कम महापालिकांना एकदम उभी करावी लागली नाही. मात्र किलोमीटरचे देयक महिन्यामागून महिने, वर्षानुवर्षे चुकते करण्याची शिस्त दोन्हींना पाळावी लागते. आजच्या अंदाजपत्रकातून खर्च करायचा आणि त्याचा खरा लाभ आज शाळेत असलेल्या मुलांना मिळणार, असे हे काम आहे. सभागृहाची मुदत पाच वर्षांची असताना ते सातत्याने होत राहणे म्हणूनच कौतुकास्पद आहे.

ई-बसमुळे प्रदूषण संपते, असे मात्र मी म्हणणार नाही. महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग आजही चंद्रपूर, कोराडी यांसारख्या कोळशावरील केंद्रांतून येतो, त्यामुळे पुण्यातील रस्त्यावरचा धूर कमी होताना काही भार विदर्भातील हवेवर पडतो, हे विसरणे अन्यायाचे होईल. आगारांच्या छपरांवर सौरऊर्जा उभारण्याचे आणि चार्जिंगसाठी हरित वीज घेण्याचे काम दोन्ही महापालिकांनी जोमाने हाती घ्यायला हवे.

तथापि माझा मुख्य आक्षेप विजेबद्दल नाही. कार्बन उत्सर्जनातील खरी घट दुचाकीवरचा माणूस बसमध्ये येऊन बसल्यावर होणार आहे, आणि तो येण्यासाठी बस वेळेवर, पुरेशी आणि परवडणारी असावी लागते. 1 जून 2025 पासून किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. भाडे अनेक वर्षे वाढले नव्हते आणि तूट वाढत होती, हे मान्य केले तरी दोन-तीन थांबे जाणाऱ्या प्रवाशाला ही दुप्पट वाढ पुन्हा दुचाकीकडे ढकलते. लांबच्या टप्प्यांत थोडी अधिक वाढ करून जवळचा टप्पा स्वस्त ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटले असते.

रस्त्याच्या बाबतीत तर दोन्ही शहरांचे सहकार्य सरळ तुटलेले दिसते. पिंपरी-चिंचवडने दापोडी ते निगडी मार्गावर 2018 मध्ये बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेवरची जलद सेवा, सुरू केली. पुण्याने नगर रस्त्यावरील बीआरटी मार्गिका काढून टाकली. स्वतंत्र मार्गिकेशिवाय उत्तमोत्तम ई-बसही मोटारींच्या रांगेत अडकते, आणि अडकलेली बस पाहून कोणी आपली गाडी विकत नाही. गाड्यांचा खर्च वाटून घेणाऱ्या महापालिकांनी रस्त्यावरील जागेबाबतही एकच धोरण ठरवावे, यासाठी नागरिकांनी दोन्हीकडच्या नगरसेवकांकडे आग्रह धरला पाहिजे.

सेवा वापरून पाहू इच्छिणाऱ्यांनी ‘आपली पीएमपीएमएल’ हे ॲप घ्यावे; त्यावर बस कुठे आहे ते दिसते आणि तिकीटही काढता येते. दोन्ही महापालिकांच्या हद्दीत दिवसभर फिरण्याचा पास 70 रुपयांना आहे, आणि ज्यांना दिवसात तीन-चार वेळा चढ-उतार करावी लागते त्यांना तो नक्की परवडतो. स्वारगेट ते निगडीसारख्या लांब मार्गावर, विशेषतः उन्हाळ्यातील दुपारी, मी ही बस कोणालाही निःशंक सुचवेन. नगर रस्त्याने ठरावीक वेळेला पोहोचायचे असेल, तर मात्र हाताशी जास्तीचा वेळ ठेवूनच निघावे.