घरी करायचा श्वासचाचणी संच: घेण्याआधी काय बघाल

पोटफुगी, गॅस, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता, अशा तक्रारींसाठी घरी करायचा हायड्रोजन-मिथेन श्वासचाचणी संच मिळतो. साखरेचं द्रावण प्यायचं, दर 20 मिनिटांनी एक याप्रमाणे तीन तास श्वास नळ्यांत भरायचा आणि त्या प्रयोगशाळेला पाठवायच्या. रिकाम्या पोटीचा पहिला नमुना धरून दहा नळ्या होतात. संच कामाचा आहे, पण हाताळायला वाटतो तितका सोपा नाही.

तत्त्व पक्कं आहे. माणसाच्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत. साखर आंबवणारे आतड्यातले जिवाणू करतात. तो रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात येतो. श्वासात तो कधी वाढला यावरून साखर कुठे आंबली याचा अंदाज बांधतात.

खरी कसोटी नमुना घेताना. तोंडात धरायच्या नळकांडीला छोटी पिशवी असते आणि बाजूच्या खोबणीत सुई. काचेची नळी निर्वात असते. नेहमीसारखा श्वास घेऊन सावकाश सोडायचा, पिशवी फुगली की फुंकर न थांबवता नळी खोबणीत दाबायची, एक-दोन सेकंदांत काढून घ्यायची. घाईने आधीच दाबली तर तोंडातली आणि श्वासनलिकेतली हवा भरते. फुंकर थांबल्यावर दाबली तर खोलीतली. आधी जोरजोरात श्वास घेतले तरी वायू विरळ होतो. एकदा टोचलेल्या नळीची पोकळी संपते, ती पुन्हा चालत नाही. जादा नळी देणारा संच म्हणूनच उजवा.

अहवालात कार्बन डायऑक्साइडचा किंवा ऑक्सिजनचा रकाना हवाच. श्वासाच्या शेवटच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 5 टक्के असतो. तो फार कमी भरला तर नमुना विरळ आहे हे कळतं आणि आकडे दुरुस्त करता येतात. हा रकाना नसलेला संच घेऊ नये.

मिथेनचंही तसंच. आतड्यातले काही सूक्ष्मजीव हायड्रोजन वापरून मिथेन बनवतात. त्यांचं प्रमाण जास्त असलं की हायड्रोजनची रेषा सपाट दिसू शकते आणि नुसता हायड्रोजन मोजणारा संच ‘सारं ठीक’ म्हणून मोकळा होतो. 2017 च्या उत्तर अमेरिकी तज्ज्ञांच्या सहमतीनुसार लहान आतड्यात जिवाणू वाजवीपेक्षा वाढलेत असं म्हणायला 90 मिनिटांच्या आत हायड्रोजनची किमान 20 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 20 भाग) वाढ लागते. मिथेन मात्र कधीही 10 पीपीएम गाठला की दखल घेतात.

साखर कोणती, हेही बघा. 10 ग्रॅम लॅक्ट्युलोज ही कृत्रिम साखर पचतच नाही, मोठ्या आतड्यापर्यंत जाते; ज्यांच्या आतड्यांची चाल वेगवान त्यांच्यात ती तिथे लवकर पोहोचून खोटा दोष दाखवते. 75 ग्रॅम ग्लुकोज लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं, त्यामुळे खालच्या टोकाची जिवाणूवाढ निसटू शकते. दूध पचतं का हे बघायला 25 ग्रॅम लॅक्टोजची चाचणी वेगळी. अल्सरशी जोडलेला जठरातला जिवाणू एच. पायलोरी तर यातल्या कशातच दिसत नाही. त्याला कार्बन-13 युरियाची वेगळी श्वासचाचणी असते.

तयारीची पत्रिका आखूड असेल तर ती संचाची मोठी उणीव समजावी. अँटिबायोटिक संपून चार आठवडे झालेले हवेत, पोट साफ होण्यासाठी घ्यायची रेचक औषधं डॉक्टरांना विचारून आठवडाभर बंद. आदल्या दिवशी कडधान्यं, भाज्या, फळं, दूध, चोथायुक्त धान्यं टाळायची. साधा पांढरा भात, अंडी, मासे चालतात. मग 8 ते 12 तास उपास. चाचणीच्या दिवशी धूम्रपान आणि व्यायाम नको. पहिलाच आकडा चढा आला तर बऱ्याचदा आदल्या दिवशीचं जेवण नडलेलं असतं. द्रावण प्यायल्यावर चूळ भरावी, नाहीतर तोंडातले जिवाणू सुरुवातीलाच खोटी उसळी देतात.

जन्मजात फ्रुक्टोज (फळांतली साखर) असह्यता असलेल्यांनी फ्रुक्टोजचा संच उघडूच नये, गॅलॅक्टोसेमिया (गॅलॅक्टोज ही साखर शरीराला न पेलण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी लॅक्टोज-लॅक्ट्युलोजचा. मधुमेह असल्यास ग्लुकोजचं द्रावण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.