एसीतलं कपाट आणि आषाढातली भिंत: रत्नागिरीच्या नव्या डिझाइन स्टोअरबद्दल

रत्नागिरीत नवं डिझाइन स्टोअर उघडणार हे महिनाभर आधीच घराघरांत पोहोचलं होतं. चौकाचौकांत फ्लेक्स लागले, फोन उघडला की त्याच दुकानाच्या रील्स दिसू लागल्या आणि उद्घाटनाच्या दिवशी दारात रांग लागली. ही हवा नुसती जाहिरातीने झालेली नाही. आजवर सोफा किंवा कपाट प्रत्यक्ष उघडून, बसून बघायचं तर कोल्हापूर, पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागायची. आयकिया या फर्निचर कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला सुरू झालं आणि नवी मुंबईत तुर्भ्याचं डिसेंबर २०२० मध्ये. त्यानंतर गणपतीला गावी येणाऱ्या गाड्यांत सुटे भाग भरलेले चपटे खोकेही दिसू लागले. तसलं दुकान आता आपल्याच गावात आलं, याचा आनंद होणारच.

दुकानाची मांडणी खरोखर उत्तम आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग, कपाट आणि अभ्यासाचं टेबल कसं बसवायचं हे मापासकट मांडून दाखवलं आहे. किमतीच्या चिठ्ठीवर लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये छापली आहे. विक्रेते मागे मागे फिरत नाहीत. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. आतले दिवे पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा) आहेत आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांत ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब असते. दुकानात उबदार वाटणारा बदामी कपडा घरी राखाडी दिसू शकतो. कापडाचा नमुना मागून घ्या, दाराबाहेर उजेडात धरून बघा आणि मगच रंग ठरवा.

खरा प्रश्न दिव्यांचा नाही, एसीचा आहे. दुकानात दिवसभर एसी चालतो, तेव्हा आतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहते. त्या हवेत लाकडात साधारण ९ टक्के पाणी असतं. जुलैत आपल्या घरातली आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांवर जाते आणि त्याच लाकडातलं पाणी १८ ते २० टक्क्यांपर्यंत चढतं. दुकानात एका बोटाने सरकणारा खण आषाढात दोन्ही हातांनी ओढावा लागतो, त्याचं कारण हे. पुढची सगळी तपासणी या एका फरकाभोवती फिरते.

कपाटांपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त पैसा तिथेच जातो. चिठ्ठीवर ‘इंजिनिअर्ड वुड’ लिहिलेलं असतं. या शब्दात पार्टिकल बोर्ड, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), एचडीएचएमआर (तसाच, पण जास्त घट्ट आणि ओल सोसणारा) आणि प्लाय असं सगळंच मावतं, म्हणून नेमकं काय आहे ते विचारायचं. उत्तर मिळालं नाही तर कपाटाचा आडवा कप्पा काढून त्याची मागची कड बघा. तिथे बऱ्याचदा पट्टी लावलेली नसते. भुशाचे दाणे दाबल्यासारखे दिसले तर पार्टिकल बोर्ड. पुठ्ठ्यासारखा एकजीव, गुळगुळीत काप असेल तर एमडीएफ किंवा एचडीएचएमआर. थरावर थर दिसले तर प्लाय. पार्टिकल बोर्ड वाईट नव्हे. तो सपाट आणि स्वस्त असतो आणि कोरड्या हवेत वर्षानुवर्षं टिकतो. पण एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर परत येत नाही, कारण आतले दाबून बसवलेले दाणे एकमेकांपासून सुटलेले असतात. फुगलेल्या जागी स्क्रू पकड धरत नाही, आणि बिजागरी सुटते ती इथेच.

या दुकानातल्या मधल्या किमतीच्या बहुतेक कपाटांची खोकी, म्हणजे दारांमागचे सांगाडे, पार्टिकल बोर्डची आणि दारं एमडीएफची आहेत. समोरून दिसणाऱ्या कडांना पट्टी नीट बसवली आहे. नख घालून ओढली तरी सुटत नाही. उघडं राहिलंय ते आत: बिजागरीच्या वाटीसाठी पाडलेलं ३५ मिलिमीटरचं भोक, जोडणीच्या कॅमचं (फिरवला की दोन फळ्या आवळणाऱ्या गोल तुकड्याचं) १५ मिलिमीटरचं भोक, पाठीच्या पातळ फळीची खाच आणि तळाची जमिनीकडची कड. ओल शिरते ती इथून. तरीही हेच कपाट घ्यायचं ठरलं तर जोडण्याआधी या सगळ्या जागांवर ब्रशने पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन पातळ हात द्या आणि दोन हातांमध्ये रात्रभर वाळू द्या. कॅमच्या भोकात वॉर्निश साचू देऊ नका, नाहीतर कॅम बसणार नाही. खाली निदान १० सेंटीमीटर उंचीचे प्लास्टिकचे पाय हवेत म्हणजे लादी पुसताना पाणी तळाला लागत नाही. भिंतीपासून ५ सेंटीमीटर अंतर सोडा. बाहेरच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला तर कपाट टेकवूच नका.

जोडणी करताना सगळे कॅम आधी अर्धेच फिरवा, चौकट उभी करा, मग दोन्ही कर्ण फीतीने मोजा. दोन्ही मापं सारखी आली की कॅम पूर्ण आवळा आणि शेवटी पाठीची फळी ठोका. कपाटाला ताठपणा देते ती ही ३ मिलिमीटरची पाठ. घाईत ती अर्धवट ठोकली की दारं तिरकी होतात आणि दोष बिजागरीवर जातो. कॅम जोर लावून फिरवला की बोर्ड आतून भुगा होतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की एकदा सोडून पुन्हा जोडलेलं कपाट पहिल्याइतकं घट्ट बसत नाही.

कपाट पंधरा-वीस वर्षं वापरायचं असेल तर दुकानातली मापं आणि कप्प्यांची रचना लिहून घ्या आणि आपल्या सुताराकडे जा. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दोन फूट खोल अशा दोन दारी कपाटाला आठ बाय चार फुटांच्या सहा सुती (पाऊण इंच जाड) प्लायचे तीन ताव आणि पाठीला दोन सुती (पाव इंच) एक ताव लागतो. प्लायवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघा. या प्रतीच्या प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी चाचणी असते. आयएस ३०३ मध्ये साधा एमआर (थोडीफार ओल सोसणारा) प्लायही येतो. तो ‘वॉटरप्रूफ’ म्हणून गळ्यात मारला जातो, पण स्वयंपाकघराच्या ओट्याखाली तो टिकत नाही. आणि प्लाय कुठलाही असो, भिंतीतून, जमिनीतून येणाऱ्या वाळवीवरचा उपाय वेगळा करावा लागतो.

आता लोखंडी सामान. मिरकरवाडा, मांडवी, भाट्ये अशा समुद्रालगतच्या घरांत क्रोम चढवलेला दांडा दोन पावसाळ्यांत ठिपक्या-ठिपक्यांनी गंजू लागतो. दुकानात ‘एसएस’, म्हणजे स्टेनलेस स्टील, म्हणून सांगितलं की लोक लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटलं नाही की निर्धास्त होतात. एवढ्यावर विसंबू नका. २०२ प्रतीच्या स्टीललाही चुंबक जवळपास चिकटत नाही, पण त्यात निकेल कमी असतं आणि खाऱ्या हवेत ते गंजतं. बिजागरीवर किंवा खोक्यावर ३०४ ही प्रत छापलेली हवी. समुद्र दिसतो अशा गॅलरीत तर ३१६ च घ्यावं. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाचा मारा सहन करतं. इथे बिजागऱ्या ३०४ च्या आहेत, ही जमेची बाजू. खणाच्या सरकपट्ट्या मात्र जस्त चढवलेल्या लोखंडाच्या आहेत. त्या आत झाकलेल्या असतात, म्हणून चालतील, पण गॅलरीतल्या कपाटात नकोत.

भिंतीवर टांगायच्या फळ्यांना उद्घाटनापासून सर्वांत जास्त मागणी दिसते आणि सर्वांत जास्त फजिती तिथेच होणार आहे. खोक्यात ६ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि आखूड स्क्रू येतात. ते विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीसाठी आहेत. आपल्या भिंती जांभ्याच्या. चिरा सच्छिद्र असतो, ठोके बसले की भोकाच्या कडा ढासळतात. वर गिलावा १५ ते २० मिलिमीटरचा, म्हणजे ५० मिलिमीटरच्या स्क्रूचा जेमतेम ३० मिलिमीटर भाग दगडात जातो. ड्रिल हातोडी मोडवर न चालवता नुसतं फिरवा. १० मिलिमीटर व्यासाच्या, १०० मिलिमीटर लांबीच्या गिट्ट्या वापरा. भोकातली लाल धूळ फुंकून नव्हे, पंपाने काढा, कारण धूळ राहिली तर गिट्टी आत नुसती फिरते. पुस्तकांचं वजन टांगायचं असेल तर आधी तीन-चार चिऱ्यांवर पसरेल अशी एक इंच जाड सागाची पट्टी भिंतीला ठोकून घ्या आणि फळी तिच्यावर बसवा. जुन्या घरातल्या मातीच्या सांध्यात स्क्रू मारू नका. दुकानातर्फे येणाऱ्या फिटरला हे आधीच सांगा आणि पट्टी तयार ठेवा.

‘सॉलिड मँगो वुड’च्या टेबलांभोवती चांगलीच गर्दी होती. आंब्याचं लाकूड कोकणाला नवीन नाही, आणि त्याला कीड किती लवकर लागते हेही इथल्या सुताराला सांगावं लागत नाही. अशी बरीच टेबलं जोधपूरकडे, कोरड्या हवेत बनतात. इथे आल्यावर ६० सेंटीमीटर रुंदीची फळी पावसाळ्यात ५ ते ७ मिलिमीटर पसरू शकते. टेबलाखाली वाकून बघा. फळी पायांच्या चौकटीला लांबट भोकांतून किंवा सरकत्या क्लिपांनी जोडली असेल तर ती फुगायला मोकळी आहे. गोंद आणि घट्ट स्क्रूंनी जखडली असेल तर ती वाकेल किंवा चिरेल. इथल्या जेवणाच्या टेबलांना क्लिपा आहेत, कॉफी टेबलांना नाहीत. खालची बाजू पॉलिश न करता कोरी सोडली असेल तर वरून आणि खालून ओल कमी-जास्त शोषली जाते आणि फळी द्रोणासारखी होते. खालूनही पॉलिश करून द्या, असा आग्रह धरा. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर तो नग तिथेच सोडा.

सोफ्यांबद्दल थोडक्यात: रेक्झिनचे नकोत. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर उष्ण-दमट हवेत विघटित होतो आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात, कितीही पुसलं तरी. काढून धुता येणारी सुती कव्हरं असलेला तीन आसनी सोफा चांगला आहे. बैठकीचा फोम ४० घनतेचा (घनमीटरला ४० किलो) आहे का ते बिलावर लिहून घ्या.

मनापासून घ्यावं असं सामान मागच्या कोपऱ्यात, कमी उजेडात ठेवलं आहे. पितळी खुंट्या, बरण्या, काचेचे दिवे, चिनी मातीची ताटं. ओलीने यातलं काही फुगत नाही, पितळ फार तर काळवंडतं, आणि घडणही सुबक आहे. अमेरिकी डिझायनर जोडपं चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या लोट्याचं भरभरून कौतुक केलं होतं: पकड, वजन, ओतताना पाण्याची धार, आतून घासता येण्याची सोय. त्याच कसोटीवर इथला पितळी तांब्या उतरतो. काठ बाहेर वळवलेला आहे, भरल्यावर तोल जात नाही, तोंडातून हात आत जातो. बांबूचे दिवे आणि खुर्च्याही आहेत. सिंधुदुर्गातला माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, म्हणून खुर्चीच्या पायाला तो उत्तम, आणि कुडाळला कोनबॅकसारखं बांबूवर काम करणारं केंद्रही आहे. दुकानातला बांबू कुठला आणि त्याला बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया झाली आहे का, हे दोन्ही विचारा. प्रक्रिया केलेला बांबूही पडवीत पावसाची झड लागेल तिथे ठेवू नका. पाण्याने ते क्षार धुऊन जातात आणि मग भुंगा लागतो. संपूर्ण बांबूच्या फर्निचरवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, लाकडी फर्निचरवर १८ टक्के. बिलात तो दर तपासा.

उद्घाटनाच्या सवलतीत ‘शून्य व्याजाचे हप्ते’ जोरात आहेत. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेलं असतं. रोख घेतल्यास किती कमी कराल, हा प्रश्न काउंटरवर विचारा. फरक तिथेच कळेल. वॉरंटीच्या कागदावर ‘ओलाव्यामुळे झालेलं नुकसान वगळून’ असं वाक्य आहे, म्हणजे इथे ज्याने नुकसान होतं तेवढंच वगळलं आहे. ते वाचूनच सही करा. सदोष माल मात्र, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर, ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. घरपोच खोकी घेताना चारही कोपरे दाबून बघा. कोपरा मऊ लागला तर आतल्या बोर्डाने वाटेत पाणी प्यायलंय. पावतीवर तसं लिहूनच सही करा.

मोठं लाकडी सामान घ्यायला पावसाळ्याचे शेवटचे दिवस चांगले. तेव्हा आणलेलं टेबल घरी आठवडाभर ठेवून खण ओढून बघता येतो. त्या हवेत सुरळीत सरकला तर मे महिन्यातही सरकेल. मे महिन्यात सरकलेल्या खणाची अशी खात्री देता येत नाही.