चाकांवरचं घर करताय? भिंतींआधी ट्रेलरचं लोखंड तोलून घ्या

पैसे घेऊन शेडला कुलूप लावणारा ठग एक वेळ परवडला, तो लवकर कळतो. आमचा ठग प्रत्येक फोन उचलायचा, शेडवर गेलं की चहा मागवायचा, आणि कबूल केलेल्या तारखेला ट्रेलर त्याने दारात आणून उभासुद्धा केला. भोर, मुळशी, वाईकडे शेताच्या तुकड्यावर चाकांवरचं छोटं घर करायचा विचार हल्ली बरेच जण करतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आमचा बेत साधा होता. वीस फूट बाय आठ फुटांचा ट्रेलर चाकणकडच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घ्यायचा आणि वरचं घर गावातल्या मिस्त्रीकडून. कोटेशनमध्ये सगळं लिहिलेलं होतं: लांबीला दोन आयएसएमसी १५० चॅनेल (म्हणजे १५० मिलिमीटर उंचीचे, ठरलेल्या मापाचे लोखंडी चॅनेल), आडवे १०० चे, दोन नवे अ‍ॅक्सल, ब्रेक, चार कोपऱ्यांना जॅक, आरटीओ पासिंगसह ३ लाख ४० हजार. अर्धे आगाऊ, बाकीचे डिलिव्हरीला.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. तुम्हालाही कुणीतरी ऐकवेलच. "ताई, चाकं आली म्हणजे गाडी झाली. गाडीला कोण एनए विचारतंय?"

एनए म्हणजे शेतजमीन बिगरशेती करून घेणं. ऐकायला छान वाटतं. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४२ जमिनीच्या वापराबद्दल बोलतं. शेतजमीन मनाला येईल तशी बिगरशेती कामाला वापरता येत नाही. घराखाली जोतं आहे की टायर, हा मुद्दाच तिथे नाही. बरं, गाडी म्हणायची तर गाडीचे नियम आले. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते. बनवणाऱ्याकडे त्या मॉडेलचं टाइप अप्रूव्हल, म्हणजे ते मॉडेल तपासून दिलेली मंजुरी लागते, आणि ती देणाऱ्या एआरएआय आणि सीआयआरटी या वाहन-तपासणी संस्था पुण्यातच आहेत. शिवाय विक्रीचा फॉर्म २१ आणि रस्त्यावर चालायला योग्य असल्याचा फॉर्म २२. हे हातात नसेल तर तुमच्याकडे गाडीही नाही आणि घरही नाही. आमच्या माणसाने एक लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट दाखवलं होतं. नंतर फोटो मोठा करून वाचला तर ते भलत्याच कंपनीच्या शेतमालाच्या टिपिंग ट्रेलरचं निघालं.

ट्रेलर आला तेव्हा काळ्या रंगाने नुसता चमकत होता. पासिंगचे कागद "पुढच्या आठवड्यात" म्हणाला, म्हणून वीस हजार मागे ठेवले. तेवढेच वाचले.

मिस्त्रीभाऊंनी सांगाडा उभारण्याआधी लेव्हल पाइप लावली. एक कोपरा खाली, म्हणून जॅक फिरवला, तर दुसरा वर गेला. अख्खी चौकट पीळ खात होती. त्यांनी चॅनेलवर हातोडीने ठोकलं आणि म्हणाले, "वहिनी, ह्यो लाइट माल हाय. ह्याच्यावर भिंती नका उभारू."

लाइट माल म्हणजे काय, हे इथे नीट सांगते, कारण सगळी गोम त्यातच आहे. बाजारात त्याच उंचीचं चॅनेल कमी जाडीतही मिळतं. छोट्या री-रोलिंग मिलचा माल. टेप लावली तर १५० मिलिमीटरच भरतं, त्यामुळे पाहणाऱ्याला शंका येत नाही. फरक असतो तो मधल्या पत्र्याच्या जाडीत आणि वजनात. आयएसएमसी १५० मीटरला १६ किलोच्या वर भरायला हवं. आमच्याकडे पायरीसाठी म्हणून दिलेला त्याच चॅनेलचा मीटरभर तुकडा पडला होता. गावातल्या धान्याच्या दुकानात काट्यावर ठेवला, तर काटा साडेअकराच्या पुढे जाईना. दुकानदार आधी हसला, मग कारण ऐकून त्यानेच दुसऱ्यांदा तोलला.

मग अ‍ॅक्सलकडे वळलो. पुढच्या दांडीवरचा रंग पत्र्याने खरवडला तर खाली जुना लाल रंग, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ऊस वा' एवढं वाचता आलं. पुढचं ग्राइंडरने घासलेलं. उसाच्या जुन्या ट्रॉलीची दांडी आणि अ‍ॅक्सल नव्याच्या भावाने आमच्या गळ्यात मारले होते. हबमधलं ग्रीस काळं पडून दगड झालेलं. यावर घर चढवून वरंधा घाट उतरलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

फोन केला तर आवाज तसाच गोड. "ताई, वेल्डिंग वाढवून देतो की." वेल्डिंग वाढवून लोखंड जाड होत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

बिल काढून पाहिलं. वर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलेलं. जीएसटी नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर कंपनीसाठी 'सी' असतं, व्यक्तीसाठी 'पी'. बिलावर 'पी' होता. म्हणजे कंपनी वगैरे काही नाही, एकटा माणूस. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की खरं नाव फुकटात दिसतं. आगाऊ रक्कम द्यायच्या आधी हे करा, आणि पैसे बिलावरच्या नावाच्या खात्यातच टाका.

पोलीस ठाण्यात "माल तर दिलाय ना, मग हे दिवाणी आहे" असं ऐकावं लागलं. माल देऊन फसवणं हीही फसवणूकच, पण ते पटवण्यात ताकद घालवण्याऐवजी आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची. कोटेशन, बँकेचा उतारा, मिस्त्रीभाऊंचं लेखी म्हणणं, रंग खरवडलेले फोटो जोडले. कोटेशनवर 'आयएसएमसी १५०' लिहून घेतलेलं होतं, म्हणून वकिलांनी प्रकरण हातात घेतलं. 'हेवी चॅनेल' असं मोघम लिहिलेलं असतं तर बोलायला जागाच नव्हती.

कुणी करून घेणार असेल तर कोटेशनमध्ये चॅनेलचा नंबर, मीटरला वजन आणि मिलचं नाव लिहून घ्या. रंग लागण्याआधी शेडवर जा, जाडी मोजायला व्हर्नियर सोबत न्या आणि कापलेला एक तुकडा मागून घ्या. खरा माणूस तुकडा देताना कुरकुरत नाही. अ‍ॅक्सलचं वेगळं खरेदी बिल मागा. फॉर्म २१, २२ हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका, आणि तो हप्ता वीस हजारांचा नको, चांगला मोठा ठेवा.

तोच माणूस सध्या नव्या नावाने जाहिरात करतोय. फोटोतलं पांढरं घर आणि मागची निळी शेड तीच आहे. माझ्या भाच्याने गिऱ्हाईक बनून जीएसटी नंबर विचारला, तर "व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो दादा" म्हणाला. अजून टाकलेला नाही.