काकांची टेलिकास्टर: आठ हजार डॉलरची टोपी

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या आणि जुन्या गिटारींचा नाद असलेल्या मंडळींनी हे जरूर वाचावं. १९६३ची टेलिकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) म्हणून एकाने मला ८,००० डॉलरला टोपी घातली.

त्याची गोष्ट अशी : काका मोटाउन या इथल्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत गिटार वाजवायचे, ही त्यांचीच. मूळ रंग जाऊन नवा दिलाय, म्हणून स्वस्त. मग रेकॉर्डवर काकांचं नाव का नाही? तर म्हणे, "तेव्हा कुणाचंच नसायचं."

गंमत म्हणजे हे बरंचसं खरं आहे. १९७१मध्ये गायक मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा अल्बम येईपर्यंत मोटाउन वादकांना श्रेय देतच नसे. 'माय गर्ल' या गाण्याची सुरुवातीची सुरावट गिटारवादक रॉबर्ट व्हाइटची. गाणं जगभर गाजलं, त्याला कुणी ओळखलं नाही. जो मेसिना, एडी विलिस या गिटारवादकांचीही तीच गत. मुळात जाझ वाजवणारी यातली कितीतरी माणसं वेस्ट ग्रँड बूलेव्हार्डवरच्या घरातल्या मोटाउनच्या स्टुडिओत गाण्यामागून गाणी वाजवत, सुरुवातीला गाण्यामागे दहा डॉलरवर. १९७२मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली, बरेच जण मागेच राहिले. ही सगळी माहिती त्याला तोंडपाठ होती. एवढ्या खऱ्यात एक खोटा काका सहज खपतो. सोबत एक फोटोही होता, हातात गिटार घेतलेल्या कुणाचा तरी.

गिटार दुरुस्त करणाऱ्याने बटणांखालच्या कंट्रोल प्लेटचे दोन स्क्रू काढले आणि आतल्या पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) पाठीवरचा आकडा दाखवला : १३७७७३४. पहिले तीन अंक बनवणाऱ्या कंपनीचे, पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे १९७७चा चौतिसावा आठवडा! पॉट नंतर बदलले असतील, असं विकणारा म्हणणारच, आणि म्हणालाच. पण दोन्ही पॉट त्याच तारखेचे आणि सोल्डरचे जोड कारखान्यातले, कधीच न छेडलेले. नेक (गिटारची मान) काढली, तर तिच्या टाचेवर तारीख असते तिथे सँडपेपर मारलेला. नेकच्या जोडामागची, 'एल'ने सुरू होणारा अनुक्रमांक असलेली प्लेट नवी बनवून जुनी भासवलेली. तशा सुट्या विकत मिळतात.

पैसे देताना त्याने ॲपवर घरच्या-मित्रांना पाठवतात तोच पर्याय निवडायला लावला होता, फी वाचते म्हणून. त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं, त्यामुळे परतावा नाही. पोलिसांत तक्रार दिलीय, पुढे काही हललेलं नाही.

तेव्हा कंट्रोल प्लेट आणि नेक विकणाऱ्याला तुमच्यासमोरच उघडायला सांगा. नाही म्हणाला तर उठून या. वादकाचं नाव सांगत असेल तर वादकांच्या युनियनच्या रेकॉर्डिंग-करारावर ते दाखव म्हणावं. प्रत्येक कामाचा कागद सापडेलच असं नाही, पण काकांनी वर्षानुवर्षं वाजवलं असेल तर एखादा तरी निघावा.

तो माणूस अजून धंद्यात आहे. सध्या एक स्ट्रॅटोकास्टर (फेंडरचीच दुसरी गिटार) विकायला काढलीय. या वेळी काका अलाबामात, रेकॉर्डिंग स्टुडिओंसाठी नावाजलेल्या मसल शोल्सला वाजवायचे.