आठ महिने स्क्रीनवरचा रुबिक क्यूब

भाच्याला बीएस्सीत ग्रुप थिअरी (एकापाठोपाठ करता येणाऱ्या आणि उलटवता येणाऱ्या क्रियांचं गणित) आली आणि वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात जेवणानंतर लॅपटॉप उघडायला लागला. रुबिक क्यूबचा फुकटचा सिम्युलेटर. आठ महिने झाले, आता मत द्यायला हरकत नाही.

याची खरी करामत अशी की चाल लिहायची आणि ती किती वेळा करायची ते सांगायचं. उजवी बाजू एकदा, मग वरची एकदा, दोन्ही घड्याळाच्या दिशेने. हातातल्या क्यूबवर मी तिसाव्या फेरीपर्यंत हमखास चुकायचे (गॅसवर दूध असलं तर दहाव्यालाच). इथे ३५व्या फेरीला थांबवलं, तर सगळे तुकडे जागच्या जागी, फक्त सहा कोपरे पिळलेले, म्हणजे आपल्याच जागी तिरके (तीन पीळ झाले की कोपरा पुन्हा सरळ)! कडांचे सात तुकडे ७च्या चक्रात फिरतात. पाच कोपरे ५च्या चक्रात, पण पीळ घेत, म्हणून १५. सहावा जागेवरच गिरकी घेतो, त्याचे ३. लसावि १०५, आणि १०५व्या फेरीला क्यूब जसाच्या तसा. लसाविचं एवढं देखणं काम मी शाळा सोडल्यावर पाहिलं नव्हतं.

मग पठ्ठ्या नेमक्या १३ फेऱ्यांत परतणारी चाल शोधत दोन रात्री जागला. म्हटलं, "अरे, एकूण स्थिती ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. १३ने भाग जातो का बघ." जात नाही. लाग्रांजचं प्रमेय (चाल जितक्या फेऱ्यांत परतते, त्या आकड्याने एकूण स्थितींना भाग जायलाच हवा) त्याला पुन्हा पाठ करावं लागलं नाही.

तक्रारी आहेत. 'मागे' आणि 'रिसेट' ही बटणं शेजारी शेजारी. एका अपडेटनंतर साठवलेल्या चाली गेल्या. पण मोठी उणीव वेगळीच. एकच कोपरा पिळलेला क्यूब कुठल्याही चालींनी सुटत नाही, कारण सगळ्या कोपऱ्यांच्या पिळांची बेरीज ३च्या पटीतच राहते. सिम्युलेटर तसा कोपरा पिळूच देत नाही, त्यामुळे भाच्याला वाटलं, "आत्या, ते बटण द्यायला विसरलेत."

शेवटी मंगळ बाजारातून साधा क्यूब आणला आणि एक कोपरा हाताने पिळून त्याला दिला. तीन दिवस झटला, मग कागद घेऊन बसला, तेव्हा कळलं. तो क्यूब आता फ्रिजवर असतो. दादा सकाळच्या चहाबरोबर तो सोडवायला घेतो. आम्ही दोघांनी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.